डिचोलीच्या बुवांची कॅसेट

तुम्हाला वाटत असेल, आता हा लाकडी शटरच्या टीव्हीबद्दल सांगणार. छपरावरची अँटेना, ती फिरवणारा पोरगा, खालून 'आलं, आलं, गेलं' करणारी आई, आणि शेवटी गळा दाटून 'आता तसं काही राहिलं नाही'. गळा तुम्ही दाटवा हवं तर. तो टीव्ही मी चालू असलेला कधी बघितलाच नाही. मला कळायला लागलं तेव्हा त्याची आतली काच काढलेली होती आणि आमच्या काकांची कोंबडी त्यात अंड्यांवर बसायची. शटर मात्र उत्तम चालायचं. रात्री ते ओढून घेतलं की कोल्ह्याची भीती नाही.

पण त्या टीव्हीवर काय काय लागायचं ते मला पाठ आहे. काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, रोज संध्याकाळी घरासमोरच्या सोप्यावर, म्हणजे दारापुढच्या दगडी बाकावर बसून तेच सांगायचे. आमचं गाव गोव्यात, पेडण्याकडे, हळर्णच्या अलीकडे. काकांचं घर आणि आमचं घर एकाच आंगणात. सोप्यावर त्यांच्यासोबत आणखी दोघं ठरलेले. एक निवृत्त मास्तर, ज्यांनी मला चौथीपर्यंत शिकवलं आणि पुढे कुणी विचारलं तर नाकबूल केलं. दुसरे टिपरवाले मामा. ते मूळचे सिंधुदुर्गातले, सगळी उमर डिचोलीच्या खाणीवर टिपर चालवण्यात गेली, म्हातारपणी आमच्या गावात जावयाकडे राहायला आले. मामा ते सगळ्या गावाचे.

"आत्ताची कॉमेडी म्हणजे काय," काका सुरू करायचे, "दाढीवालो पुरुष साडी नेसता आणि समोर बसलेले आधीच हसाक लागतत. आमका हसूक जागाच ठेवणत नाय."

"आणि गाणी?" मास्तर.

"गाणी खंयची? ता मिक्सर लावल्यासारख्या वाजता, त्याका गाणा म्हणतत."

"आमच्या टायमाक एक गाणा ऐकूक बुधवारची वाट बघूक लागायची," मामा म्हणायचे. "आता माझी नात फोनार तेच गाणा अर्ध्यात तोडता नी दुसऱ्या लावता. गाण्याचो शेवट तिका म्हायतच नाय."

हे झालं की बरोबर आठ वाजता काका आत जाऊन नव्या टीव्हीवर ती साडीवाली कॉमेडी लावायचे. रोज. नियमाने. शिव्या घालायला म्हणून. आमच्या स्वयंपाकघराच्या जनेलातून मला त्यांची पाठ दिसायची. शिव्या घालणाऱ्या माणसाची पाठ अशी गदगद हलत नाही, एवढंच मी म्हणेन.

त्यांचं दु:ख मला नंतर कळलं. वाड्यावर पहिला टीव्ही त्यांचा. सगळं गाव त्यांच्या आंगणात चटया टाकून बसायचं, बटण काकांच्या हातात, आणि काका ज्याच्यावर चिडलेले असतील तो मांडवाच्या खांबाआड. आता घरोघरी टीव्ही झाला. काकांकडे बघायला उरली कोंबडी.

माझं म्हणाल तर मी नकला करायचो. पेडण्याच्या शाळेत होतो तेव्हापासून. मी तोंडाने पोदेराचा, म्हणजे सायकलवरच्या पाववाल्याचा, भोंगा वाजवला की बायका पैसे घेऊन बाहेर यायच्या आणि रस्त्यावर पाव नाही, मी. बसचा कंडक्टर, पणजीच्या हापिसातला तो जेवायला गेलेला क्लार्क, मास्तर, भटजी, सगळे माझ्या घशात राहायला होते. कॉलेजात गेलो तेव्हा एकच इच्छा उरली होती. देवळाच्या वर्धापन दिनाला, आपल्या गावासमोर, रंगमंचावर उभं राहायचं.

आमच्याकडे वर्धापन दिनाला गावातलेच लोक नाटक करतात. पत्रिकेवर नाटक साडेसातला असतं. पडदा कधीच साडेसातला उघडत नाही, कारण राजा दुकान बंद करून येतो आणि राणी पुरुष असल्यामुळे तिला दाढी करायची असते. मधला जो वेळ जातो त्यात काका आपला जुन्या गाण्यांचा पेनड्राइव्ह लावायचे. लोक बाहेर गुळाचं खाजें घेत फिरायचे. मला तो वेळ हवा होता. बाकी काही नाही. नाटक सुरू होईपर्यंतचा, कुणालाच नको असलेला वेळ.

समितीचे अध्यक्ष काका.

"काका, नाटकाच्या आधीची वेळ माका देवा. नकला करतंय."

"नको."

"कित्याक?"

"आत्ताची कॉमेडी देवासमोर नको."

"तुमी माझी बघलास खंय?"

"बघूक कित्याक होयी? तू आत्ताचोच मा?"

मी आत्ताचाच होतो, जन्माचा दाखला घरात होता.

मग मी ठरवलं, जुनं व्हायचं.

माझा एक मित्र साऊंडवाला. लग्नाला, भजनाला, मयताच्या तेराव्याला, सगळीकडे त्याचेच स्पीकर. त्याच्या खोलीत एक जुना टेपरेकॉर्डर पडलेला होता. आईच्या भजनांच्या कॅसेटींमधली एक, जी ती ऐकत नाही असं मला वाटत होतं, ती मी उचलली. दमट खोलीत राहून तिला अशी खरखर लागली होती की आम्हाला वेगळं काही करावं लागलं नाही. त्या खरखरीत आमची काडीचीही कला नाही.

आवाज कुणाचा लावायचा हा प्रश्न होता. मी काकांचाच लावला. पण काकांचा गाऱ्हाण्याचा आवाज.

गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने देवाला सांगणं. एक मानकरी हात जोडून, वर तोंड करून बोलतो आणि प्रत्येक वाक्याला सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. आमच्या गावात तो मान काकांचा. त्यांच्या आधी आजोबांचा होता. एकदा देवासमोर 'व्हय' म्हटलं की ते सगळ्यांनी मान्य केलं, मग मागे फिरणं नाही. बांधावरून भांडणारे दोन भाऊ आमच्या गावात ह्याच कारणाने बोलायला लागले. दोघंही गर्दीच्या सवयीने 'व्हय' म्हणून बसले, नंतर बघतात तर काका त्यांचंच बोलत होते. तोच आवाज मी घेतला, जरा नाकात नेला, आणि पोटभर जेवून उठल्यासारखा सावकाश केला.

विनोदाला गोष्ट ताजीच होती. मित्राचे वडील मांद्र्याच्या किनाऱ्यावर गोरे पर्यटक बघायला गेले, तर गोऱ्यांनी ह्यांचेच फोटो काढले. दुसऱ्या दिवशी हे इस्त्रीचा सदरा आणि धोतर घालून, टिळा लावून परत गेले, आणि त्या दिवशी कुणी ढुंकून बघेना. गेल्याच रविवारची गोष्ट. दाराबाहेर मित्राच्या दोन बहिणींना उभं केलं आणि दार अर्धं लोटून त्यांना हसायला सांगितलं. लांबचं हसू जुनं वाटतं.

मग गाणं. शब्द कोण लिहिणार? खोलीत मित्राच्या घरच्या नवीन कुकरचा खोका होता, त्यात सूचनांचा कागद होता. मित्राने पेटी धरली आणि मी डोळे मिटून, अगदी हळू, शेवटचा श्वास असल्यासारखा गायलो:

"वाफ आत असता, झाकण उघडू नको. शिट्टी होण्याआधी, जवळ येऊ नको."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी टेपरेकॉर्डर घेऊन सोप्यावर गेलो. म्हटलं, मित्राच्या आजोळी डिचोलीला माळ्यावर ही कॅसेट सापडली, कुणी जुने बुवा आहेत. पेडण्याचे म्हटलं असतं तर ह्यांच्यापैकी कुणाचा तरी भाचा निघाला असता. डिचोली बरी, बेताची लांब.

मी खाली पायरीवर बसून चहात उंडो पाव बुडवत होतो. टेप खरखरला. मांद्र्याचे गोरे आले. मास्तर हसले. काका आधी हसले नाहीत, मग गोष्टीत धोतर आलं तिथे त्यांचं पोट हललं आणि ते थांबेचना. गाणं लागलं तेव्हा तिघंही मान खाली घालून बसले.

"काय शब्द," मास्तर म्हणाले. "ही विरहिणी असा. मनातली वाफ जगाक दाखवू नको, असा ती सखयेक सांगता. आत्ताच्या कवीक ह्या सुचतला?"

"नाय सुचायचा," मी म्हटलं.

टिपरवाले मामांनी टेपला कान लावला. मग म्हणाले, "ह्यांका मी बघलंय."

माझा उंडो चहात पडला. मामांची खाण डिचोलीचीच, हे मी विसरलोच होतो.

"बारीक शेलाटो मनीस. पान खाय. साखळेच्या जत्रेक एकदा माझ्या टिपरात बसान गेलो. वाटेत ह्याच गाणा म्हणत होतो."

आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं? खोटं म्हणावं तर मामांचं खोटं पडतं आणि ते बोलत होते तेव्हा खोटं बोलत नव्हते, त्यांच्या डोळ्यांसमोर तो टिपर दिसत होता. मग मास्तरांनाही आठवलं, बुवांचा कार्यक्रम त्यांनी शाळेत असताना ऐकला होता, भिंतीवर बसून. चहा संपेपर्यंत डिचोलीच्या बुवांना एक पेटी, एक आजार आणि न झालेलं लग्न मिळालं. माझ्यापेक्षा त्यांच्या आयुष्यात जास्त घडून गेलं होतं.

काका तेवढे कॅसेट मागे नेऊन पुन्हा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आवाज माझ्या बापाशीसारखो लागता."

आणि त्याच दमात ठरवलं. वर्धापन दिनाला नाटकाच्या आधी ही कॅसेट लावायची. बुवांना बोलवायचं, शाल घालायची, नारळ द्यायचा.

म्हणजे बघा. मला जो वेळ मिळत नव्हता तो मला मिळाला. फक्त मी तिथे नव्हतो.

"बुवा येणत नाय," मी म्हटलं. "तब्येत बरी नसता."

"मग आमी जातंव गाडी करून."

"कोणाक भेटणत नाय ते. प्रसिद्धी नको म्हणतत."

हे मात्र तिघांना लगेच पटलं. "जुनो कलाकार तो," काका म्हणाले. "आत्ताचे असते तर बॅनर घेऊन इले असते." मग विचारलं, "दुसऱ्या बाजूक काय असा?"

दुसरी बाजू आईची भजनं होती. "असा थोडा," मी म्हटलं, आणि त्याच आठवड्यात परत मित्राच्या खोलीत गेलो.

तिथे मात्र मला राग आला होता. सोप्यावर मी त्यांना हसवलं, मी रडवलं, आणि नमस्कार डिचोलीला चालला होता. म्हणून दुसऱ्या बाजूला मी गाऱ्हाणं घातलं.

वर्धापन दिनाला मंडप भरला. आमच्याकडे रंगमंच देवासमोर बांधतात, नाटक देवालाही दिसायला हवं. पडद्याच्या पुढे मेज, मेजावर टेपरेकॉर्डर, टेपरेकॉर्डरला झेंडूचा हार. बाजूला रिकामी खुर्ची, तिच्यावर घडी घातलेली शाल आणि नारळ. मास्तरांनी बुवांची ओळख करून दिली. ती ऐकताना मलाही बुवांबद्दल वाईट वाटलं, इतकं भोगलं माणसाने.

मी विंगेत. मित्राने बटण दाबलं.

मांद्र्याची गोष्ट लागली आणि मंडप हसला. उगाच नाही, खरा हसला. बायका पदर तोंडात धरून, खाजेंवाला पुडी बांधायची सोडून, मित्राचे वडीलही, आपलीच गोष्ट आहे हे न ओळखता. माझ्या वर्गातला एक जण विंगेत येऊन मला म्हणाला, "बघ, हेका म्हणतत कॉमेडी. नायतर तुझा ता भोंगो."

मित्राने कॅसेट पलटली.

खरखरीतून तो आवाज आला, वर तोंड केलेला.

"हे देवा म्हाराजा, तुझी लेकरा आज तुझ्यासमोर बसली हत."

विचार कुणी केलाच नाही. हात आपोआप जोडले गेले. बसलेले उभे राहिले, बाहेरच्यांनी चपला काढल्या.

"व्हय म्हाराजा."

"त्यांच्या घराक टीव्ही असा, टीव्हीत शंभर चॅनल असत, आणि बघूक कायच नाय अशी त्यांची तक्रार असा."

"व्हय म्हाराजा."

शंभर चॅनल जुन्या कॅसेटीत कुठून आले, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

"जुना ता सगळा चांगला नी नवा ता सगळा वायट म्हणतलो, त्याका जुनोच रस्तो मेळो, जुनीच वीज मेळो, आणि दाढ दुखली तर भूल न देता उपटणारो जुनोच डॉक्टर मेळो."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यात मोठा 'व्हय' पहिल्या रांगेतून येत होता. काकांचा. आयुष्यभर त्यांनी गाऱ्हाणं घातलं आणि गावाने उत्तर दिलं. उत्तर द्यायची पाळी त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. ते डोळे मिटून, छातीतून म्हणत होते.

"आणि नाटकवाल्यांचो रंग सुकापर्यंत जी वेळ फुकट जाता, ती आजपासून गावच्या पोरांक दी. जो आड येयत, त्याच्या घरातली लाईट ऐन कॉमेडीच्या टायमाक जावंदी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

झालं. सगळं गाव देवासमोर म्हणून मोकळं झालं. टेपवर आईचं उरलेलं भजन लागलं, तरी हात जोडलेलेच होते. मग टिपरवाले मामा हळूच म्हणाले, "डिचोलीच्या बुवाक आमच्या नाटकाचो रंग सुकणा नाय ता कसा कळला?"

काकांनी मागे बघितलं नाही. डोळे उघडले, खुर्चीवरच्या शालीकडे बघितलं आणि म्हणाले, "बुवाक रंगपटात आणा."

रंगपट म्हणजे देवळामागची नटांची खोली. राजा अर्धी मिशी लावून बसला होता, राणी दाढीला साबण लावून. मला मधे उभं केलं.

"कॅसेट केलंस, ता सोड," काका म्हणाले. "आमका तिघांक खुळे केलंस, ताय सोड. पण देवासमोर गाऱ्हाणा घातलंस. तो मान कोणाचो?"

"तुमचो."

"मग माका सांगूचा होता."

"तुमी घातला असता?"

"नाय."

"म्हणूनच."

"तोंड सांभाळ."

राजा म्हणाला, "पण काका, व्हय तर सगळ्यांनी म्हटला."

"तू मिशी लाव."

मास्तर दारात येऊन उभे राहिले. त्यांना एवढंच विचारायचं होतं, ती विरहिणी कुणाची. मी सांगितलं, कुकरच्या खोक्यातला कागद. ते जायला वळले. मग म्हणाले, "तरी पण भाव असा," आणि गेले.

"आता ह्या मोडूचा म्हणजे देवाक कौल लावूक होयो," काका पुन्हा सुरू झाले. "देवाच्या अंगाक कळ्यो लावन मी काय विचारू? ह्यो पोरगो तोंडान पोदेराचो भोंगो वाजयता, चलात काय? उजवी कळी पडली काय आणि डावी पडली काय, लाज माझीच जातली."

कौल म्हणजे देवाला चिकटवलेली कळी, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार; काका तो लावणार नव्हते, म्हणजे मोडणार नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं आणि माझं तोंड हसलं असावं, कारण पुढचा आवाज देवळाच्या पुढच्या बाजूपर्यंत गेला.

"हसतंस कित्याक? आणि माझ्या बापाशीचो आवाज काढूचो तुका अधिकार कोणी दिलो?"

"आजोबांक मी ऐकलंयच नाय, काका. मी जन्मलंय तेव्हा ते नव्हते. मी तुमचोच काढलंय. जेवल्यानंतरचो."

राणीच्या दाढीवरचा साबण सुकत चालला होता. काकांनी खांद्यावरचा पंचा काढला, तोंड पुसलं, पुन्हा खांद्यावर टाकला. माझी आई तेवढ्यात मागच्या दारात येऊन, "ती भजनाची कॅसेट माझ्या आवशीन दिलेली," एवढं बोलून माझ्या दंडाला चिमटा काढून गेली, ती खूण तीन दिवस होती.

"ऐक," काका म्हणाले. आवाज जरा उतरला होता, पण ओरडणंच होतं ते. "फुडल्या वर्सा तू थंय उबो रवतलंस. कॅसेट नाय, खरखर नाय, बुवा नाय. आपल्या तोंडान. आणि राजाची मिशी लागापर्यंत एक क्षण थांबूचा नाय. लोक हसले नाय तर मी पयल्या रांगेतसून उठतलंय आणि सगळ्यांदेखत सांगतलंय, आमच्या टायमाक असा नव्हता. आता ती शाल घडी कर आणि भाड्याची असा ती परत देऊन ये."